मंडळीच्या सभागृहात कराटेचा वर्ग : वाचकांचे प्रश्न आणि उत्तरे

प्रश्न : सप्रेम सलाम. आमची ख्रिस्ती मंडळी अहिल्यानगर जिल्ह्यातील एका तालुक्याच्या गावी आहे. मिशन कंपाउंडातील जुने सभागृह रविवार सोडल्यास रिकामेच असते. तेथे परिसरातील मुलामुलींसाठी कराटेचा वर्ग सुरू करावा, असा ठराव तरुण संघाने मंडळीचा कारभार पाहणाऱ्या पास्टरेट कमिटीपुढे मांडला. शिकवण्यास मंडळीतीलच एक ब्लॅक बेल्ट तरुण तयार आहे. कमिटीतील एका ज्येष्ठ सभासदांनी मात्र तीन हरकती घेतल्या. कराटे ही बौद्ध भिक्षूंची साधना असून त्यातील नमन व ध्यान ख्रिस्ती माणसाला चालणार नाही, ही पहिली. दुसरा गाल पुढे करण्यास सांगणाऱ्या प्रभूच्या घरात ठोसे मारणे शिकवू नये, ही दुसरी. वर्गाला मंडळीबाहेरची मुलेही येतील आणि उद्या कोणी धर्मांतराचा आरोप केला तर उत्तर कोण देणार, ही तिसरी. पाळकसाहेबांनी निर्णय पुढील सभेपर्यंत राखून ठेवला आहे. आपले मत कळवावे. – तरुण संघाचे चिटणीस

उत्तर : सलाम. वर्ग अवश्य सुरू करावा, असे माझे स्पष्ट मत आहे. मात्र तो बहुमताच्या जोरावर सुरू न होता त्या ज्येष्ठांच्या शंकांचे समाधान करून सुरू व्हावा. मी स्वतः कराटेच्या शोतोकान शैलीत शिकलो आणि मंडळीच्या मुलांना शिकवीत आलो आहे. त्यामुळे हे तिन्ही मुद्दे माझ्यापुढेही आलेले आहेत आणि त्यांतील एकही मला क्षुल्लक वाटत नाही.

प्रथम इतिहास पाहू. कराटेचा उगम ओकिनावा बेटावरचा. हे बेट पूर्वी र्‍युक्यू नावाच्या स्वतंत्र राज्यात होते आणि चीनच्या फुजियान प्रांताशी त्याचा जुना व्यापार होता. त्या वाटेने आलेली चिनी मुष्टिविद्या आणि बेटावरची हातघाईची कला यांच्या मिश्रणातून कराटे घडले. बोधिधर्म या भारतीय भिक्षूने चीनच्या शाओलिन मठात ही विद्या रुजवली, ही कथा आपल्याकडील अनेक वर्गांत मोठ्या भक्तिभावाने सांगितली जाते, परंतु तिचे स्थान दंतकथेचे आहे. ओकिनावातीलच शुरी येथील इतोसू आन्को या गुरूंनी विसाव्या शतकाच्या आरंभी ओकिनावातील शाळांमध्ये कराटे नेले. १९०८ मध्ये त्यांनी दहा सूत्रांचे एक पत्र लिहिले आणि त्याच्या आरंभीच, कराटे बौद्ध किंवा कन्फ्यूशियसच्या मतातून निघालेले नाही, असे नमूद केले. शाळकरी मुलांना झेपावेत म्हणून त्यांनी रचलेले पाच काता, म्हणजे ठरलेल्या हालचालींचे क्रम, शोतोकानचे विद्यार्थी आजही ‘हेइआन’ या नावाने पहिल्या काही बेल्टांसाठी गिरवतात. त्यांचे शिष्य फुनाकोशी गिचिन हे पेशाने शिक्षक होते. १९२२ मध्ये त्यांनी तोक्योत प्रात्यक्षिक दाखवले आणि त्यानंतर ही विद्या जपानच्या विद्यापीठांत पसरली. आज आपण पाहतो तो पांढरा पोशाख आणि बेल्टांची चढण ही पद्धत कानो जिगोरो यांच्या जुदोतून घेतलेली आहे. झेन या ध्यानप्रधान बौद्ध पंथाची परिभाषा कराटेला अधिक घट्ट जोडली गेली ती बहुतांशी या जपानी टप्प्यात. म्हणजे आपल्या सभागृहात येऊ घातलेला वर्ग हा मठातील साधनेपेक्षा शाळेतील व्यायामाच्या तासाचा अधिक जवळचा वारसदार आहे.

येथे थोडे विषयांतर करतो, कारण ते मला आवश्यक वाटते. आपल्या जिल्ह्यात एकाच भावकीतली काही घरे ख्रिस्ती आणि काही बौद्ध आहेत. लग्नकार्यात आणि मयतीत ती एकमेकांच्या दारात असतात. कमिटीच्या बैठकीत ‘हे बौद्धांचे आहे’ एवढेच म्हणून एखादी गोष्ट फेटाळली गेली, तर ते वाक्य संध्याकाळपर्यंत शेजारच्या गल्लीत पोहोचते आणि तेथे त्याचा अर्थ तिरस्कार असा होतो. हरकत घ्यायची तर ती एखाद्या विधीबद्दल घ्यावी आणि तो विधी कोणता हे नेमके सांगावे.

तो नेमकेपणा नमनाच्या बाबतीत सहज आणता येतो. परंपरेने चालणाऱ्या वर्गात आरंभी व शेवटी गुडघ्यांवर बसून तीन नमने होतात. पहिले समोरच्या भिंतीच्या दिशेने, दुसरे शिक्षकांना आणि तिसरे सर्वांनी एकमेकांना. जपानमधील काही डोजोंमध्ये, म्हणजे सरावाच्या जागांमध्ये, समोरच्या भिंतीवर शिंतो देवतेची फळी असते, काही ठिकाणी संस्थापकांचे छायाचित्र असते. आपल्याकडे बहुधा छायाचित्र किंवा राष्ट्रध्वज असतो. खरा प्रश्न या पहिल्या नमनाचाच आहे आणि तो सोडवणे कठीण नाही. आपल्या सभागृहातील वर्गात पहिले नमन ठेवूच नये. कराटेचे त्यामुळे काही बिघडत नाही आणि कोणाच्याही विवेकबुद्धीवर ओझे राहत नाही.

उरलेली दोन नमने मात्र जरूर ठेवावीत. सारेच्या दफनासाठी मकपेलाची गुहा विकत घेताना अब्राहाम हेथी लोकांपुढे लवला, असे उत्पत्तीच्या २३ व्या अध्यायात आहे. याकोब तर एसावाला भेटताना सात वेळा भूमीपर्यंत नमला. माणसाला आदराने लवणे आणि मूर्तीला दंडवत घालणे यांतील भेद शास्त्राने इतका स्वच्छ ठेवला आहे की, नबुखद्नेस्सर राजाच्या सुवर्णमूर्तीपुढे न लवता उभे राहिलेल्या दानीएलाच्या तीन मित्रांची गोष्ट आणि अब्राहामाची गोष्ट एकाच बायबलात कोठेही न अडखळता नांदतात. ज्याच्याशी आता सराव करायचा आहे त्याच्यापुढे मान लववणे म्हणजे ‘मी तुला इजा करणार नाही’ असे वचन देणे होय. आपल्या मुलांना या वचनाची सवय लागणे मला फार मोलाचे वाटते.

ध्यानाविषयी थोडक्यात सांगतो. ‘मोकुसो’ म्हणून जो अर्धा-एक मिनिट डोळे मिटून बसण्याचा प्रकार असतो, त्यात मन रिकामे करा किंवा वैश्विक शक्तीशी एकरूप व्हा असे सांगण्याचे काही कारण नाही. धावपळ करून आलेल्या मुलांचा श्वास खाली बसावा, एवढाच त्याचा उपयोग. आपल्या शिक्षकाने ‘शांत बसा, श्वासाकडे लक्ष द्या’ असे साध्या मराठीत म्हणावे. ठोसा मारताना जी आरोळी दिली जाते तिच्यामागेही गूढ शक्ती शोधू नये; जोराने श्वास सोडला की पोटाचे स्नायू आवळतात, धड स्थिर होते आणि ठोशात जोर येतो. वजन उचलणारा हमालही तेच करतो.

आता दुसरा गाल. मत्तयाच्या पाचव्या अध्यायात उजव्या गालाचा उल्लेख आहे. उजव्या हाताने समोरच्याच्या उजव्या गालावर मारायचे तर हाताची पालथी बाजू लागते आणि अशी चापट जीव घेण्यासाठी मारली जात नाही, ती अपमानासाठी मारली जाते. प्रभू अपमानाचा सूड घेण्यास मना करतो. तेच वचन दुबळ्यावर होणारा हल्ला उभे राहून पाहण्याची परवानगी देते, असे मला वाटत नाही. स्तोत्रसंहितेचे ८२ वे स्तोत्र तर दीनांना दुर्जनांच्या हातून सोडवा अशी आज्ञा करते. स्वतः येशूला महायाजकापुढे चपराक बसली तेव्हा त्याने हात उगारला नाही, पण तो गप्पही राहिला नाही. मला का मारतोस, असा जाब त्याने विचारला, हे योहानाच्या १८ व्या अध्यायात वाचावे.

अपमान गिळण्याची ही ताकद चांगल्या कराटे वर्गात येते, हा माझा अनुभव आहे. फुनाकोशींच्या वीस नियमांतील पहिला नियम, कराटेचा आरंभ आणि शेवट आदराने होतो, असा आहे आणि दुसरा, कराटेत पहिला वार नसतो, असा. ज्याला आपण मारू शकतो हे ठाऊक असते, त्याला ते सिद्ध करून दाखवण्याची घाई नसते. शाळेबाहेर कोणी आईवरून शिवी दिली की अंगावर धावून जाणारा मुलगा काही महिन्यांनी त्याच शिवीवर खांदे उडवून चालू लागतो, हे मी पाहिले आहे. पण हे आपोआप होत नाही. शिक्षक स्वतःच्या मारामाऱ्यांच्या फुशारक्या सांगणारा असेल, तर तोच वर्ग दांडगाई शिकवतो. इतिहासही निर्दोष नाही, हे प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे: ज्या पत्राचा मी वर उल्लेख केला त्यातच इतोसूंनी लहानपणी कराटे शिकलेली मुले पुढे सैन्याला उपयोगी पडतील असेही लिहिले होते, आणि महायुद्धापूर्वीच्या जपानमध्ये अशा विद्यांना त्या कामाला जुंपण्यात आले. त्यामुळे शिक्षकाची निवड त्याच्या बेल्टावरून न करता त्याच्या स्वभावावरून करावी, हे माझे आग्रहाचे सांगणे आहे. कायद्याची मर्यादाही मोठ्या मुलांना समजावून सांगावी. भारतीय न्याय संहितेच्या ३४ ते ४४ या कलमांत स्वसंरक्षणाचा हक्क दिलेला आहे, परंतु बचावासाठी आवश्यक तेवढ्यापेक्षा अधिक इजा करण्यास त्यात मुभा नाही.

तिसरी हरकत मला सर्वांत महत्त्वाची वाटते आणि ती घेणाऱ्या ज्येष्ठांचे मी आभार मानतो. मंडळीबाहेरची मुले येतील. ती यावीत यासाठीच वर्ग काढायचा आहे. मग त्यांच्या आईवडिलांशी आपला व्यवहार कसा असावा? कराटे हे आमिष आणि सुवार्ता हा गळ, असे ज्याच्या मनात असेल त्याने हा वर्ग काढू नये. आरोप होईल या भीतीपोटी मी हे म्हणत नाही. आमिष दाखवून मिळवलेले मन प्रभूला नको असते, आणि आपल्या भरवशावर मूल पाठवणाऱ्या शेजाऱ्याची ती फसवणूक असते, म्हणून म्हणतो. सेवाकार्याला सेवा हेच पुरेसे कारण आहे. येशूने दहा कुष्ठरोगी बरे केले आणि आभार मानायला एकच परत आला. उरलेल्या नऊ जणांचे आरोग्य प्रभूने काढून घेतले नाही.

या बाबतीत आपल्यासमोर एक उत्तम उदाहरण आहे. वायएमसीए या ख्रिस्ती तरुणांच्या संस्थेच्या अमेरिकेतील स्प्रिंगफील्ड येथील प्रशिक्षण शाळेत १८९१ मध्ये जेम्स नेस्मिथ यांनी बास्केटबॉल हा खेळ तयार केला, आणि १८९५ मध्ये वायएमसीएचेच विल्यम मॉर्गन यांनी व्हॉलीबॉल. थंडीत घरात कोंडलेल्या तरुणांना व प्रौढांना शरीर हलवता यावे, ही त्यामागची साधी गरज होती. आज आपल्या गावोगावच्या मैदानांवर संध्याकाळी व्हॉलीबॉलची जाळी बांधणारी मुले तो खेळ कोठून आला हे विचारत नाहीत, आणि विचारावे असा त्या संस्थेचा हट्टही नाही. शरीराची ख्रिस्ती सेवा अशी मोकळ्या हाताने करता येते.

प्रत्यक्षात काय करावे? प्रवेशाच्या अर्जावरच, हा वर्ग मंडळीचा तरुण संघ चालवतो, असे ठळक लिहावे आणि वर्गात कोणताही धार्मिक पाठ किंवा प्रार्थना होणार नाही हेही लिहावे. आपले शिक्षक आणि स्वयंसेवक यांनी वर्गाच्या आधी, मुले येण्यापूर्वी, आपापसांत प्रार्थना करावी; वर्ग संपताना सर्व मुलांनी मिळून ‘डोजो कुन’, म्हणजे कराटे वर्गाची प्रतिज्ञा, म्हणावी. चारित्र्य, निष्ठा, प्रयत्न, आदर आणि आततायीपणापासून अलिप्तता हे त्यातील पाच संकल्प कोणत्याही घरातल्या मुलाला म्हणता येतील असे आहेत. नाताळच्या कार्यक्रमाचे निमंत्रण द्यायचे तर ते पालकांना द्यावे, मुलांच्या हाती चिठ्ठी देऊ नये. पालकांना वर्ग पाहायला केव्हाही येता यावे म्हणून सभागृहाचे दार उघडे ठेवावे आणि भिंतीलगत चार खुर्च्या मांडाव्यात.

त्या उघड्या दाराचा दुसरा उपयोग मुलांच्या सुरक्षिततेसाठी आहे. वर्गात नेहमी दोन प्रौढ व्यक्ती हजर असाव्यात व त्यांपैकी एक महिला असावी. महिला संघाने ही जबाबदारी पाळीपाळीने घ्यावी. स्ट्रेचिंग करून घेताना किंवा पवित्रा दुरुस्त करताना मुलांच्या अंगाला हात लागतोच. म्हणून आधी सांगून, विचारून आणि सर्वांसमोरच हात लावायचा, असा नियम पहिल्या दिवसापासून ठेवावा. २०१२ च्या पॉक्सो कायद्यानुसार अठरा वर्षांखालील मुलावरील लैंगिक अत्याचाराची माहिती मिळूनही ती पोलिसांना न कळवणे हा गुन्हा आहे. मंडळीची अब्रू जाईल म्हणून प्रकरण कमिटीतच मिटवण्याचा विचार कोणाच्या मनात असेल, तर तो वर्ग सुरू होण्यापूर्वीच मोडून काढावा.

जुन्या सभागृहांत बहुधा शहाबादी फरशी असते. तिच्यावर मुलांना पाडण्याचे डाव शिकवू नयेत आणि मुठींवर जोर काढायला लावू नये. एकमेकांत अडकणाऱ्या फोमच्या मॅट घेण्यासाठी पैसे जमले की मगच तो भाग सुरू करावा. तोवर पवित्रे, मूलभूत ठोसे-लाथा आणि काता यांत मुलांचा वेळ उत्तम जातो. कुमितेत, म्हणजे जोडीदाराशी झुंजण्याच्या सरावात, डोक्याला स्पर्श पूर्ण वर्ज्य असावा. मंडळीच्या वर्धापनदिनी कौले फोडण्याचे आणि पोटावरून मोटारसायकल नेण्याचे प्रयोग करण्याची फर्माईश हमखास होईल, ती नम्रपणे नाकारावी. वाढत्या वयातील हाडांची टोके अजून कोवळी असतात आणि तेथे झालेली इजा जन्मभर पुरते.

पोशाखाची सक्ती करू नये, ट्रॅक पँट व टी-शर्ट पुरेसा आहे. बेल्टाच्या परीक्षांची फी हा गरीब पालकांना जड जाणारा भाग असतो. कोणत्या संघटनेचे प्रमाणपत्र मिळणार आणि त्यासाठी किती खर्च येणार हे आधीच लेखी कळवावे, आणि ज्यांना परवडत नाही त्यांची फी मंडळीने भरावी.

एवढे सगळे ठरल्यावरही त्या ज्येष्ठांचे मन मानत नसेल, तर त्यांना वर्ग पाहायला बोलवावे. रोमकरांस पत्राच्या १४ व्या अध्यायात पौल सर्व काही खाणाऱ्याला सांगतो की न खाणाऱ्याला तुच्छ मानू नकोस, आणि न खाणाऱ्याला सांगतो की खाणाऱ्याला दोष लावू नकोस. हा अध्याय सभेच्या आरंभी वाचावा, अशी माझी पाळकसाहेबांना विनंती आहे.

प्रश्न : माझी अकरा वर्षांची मुलगी पुण्यात एका खासगी वर्गात कराटे शिकते. तेथे गुरुपौर्णिमेला शैलीच्या संस्थापकांच्या तसबिरीला हार घालून सर्व मुलांना तिच्या पाया पडायला लावतात. मुलीचे सर चांगले आहेत, तिला वर्ग आवडतो. तिला काढून घ्यावे का? – एक आई

उत्तर : काढण्याची घाई करू नये. सरांना मुलीच्या माघारी भेटून आपली अडचण सांगावी; आदर दाखवण्यास हरकत नाही, मात्र तसबिरीला हार घालून पाया पडणे आमच्या श्रद्धेत बसत नाही, त्या वेळी ती हात जोडून उभी राहिली तर चालेल का, असे विचारावे. ज्या शिक्षकांचा आपण चांगले म्हणून उल्लेख केला आहे ते हे समजून घेतील, अशी मला खात्री वाटते. करिंथकरांस पहिल्या पत्राच्या दहाव्या अध्यायात पौलाने बाजारातले मांस चौकशी न करता खाण्यास सांगितले आहे, परंतु हे मूर्तीला वाहिलेले आहे असे कोणी स्पष्ट सांगितले तर खाऊ नये, असेही सांगितले आहे. कराटेचा सराव हे बाजारातले मांस आहे आणि हार-पूजा ही स्पष्ट सांगितलेली गोष्ट आहे, एवढा फरक आपल्या मनाशी पक्का असला की पुरे. मुलीला मात्र आपण काय ठरवले आणि का, हे नीट समजावून सांगावे, नाहीतर वर्गातल्या मैत्रिणींनी विचारल्यावर ती गोंधळून जाईल.

प्रश्न : आमच्या महिला संघाला मुलींसाठी स्वसंरक्षणाचे एक दिवसाचे शिबिर घ्यायचे आहे. एका दिवसात काही साध्य होते का? – महिला संघाच्या कार्यवाह

उत्तर : एका दिवसात कराटे येत नाही आणि तसे भासवूही नये, कारण खोटा आत्मविश्वास धोक्याचा असतो. समग्र शिक्षा योजनेत शाळांतील मुलींना दिले जाणारे स्वसंरक्षणाचे प्रशिक्षणही तीन महिन्यांचे असते. एका दिवसात मोजक्या दोन-तीन गोष्टी मात्र पक्क्या होऊ शकतात. मनगट धरले तर कसे सोडवायचे, ही त्यांतील एक. पकड जेथे अंगठा आणि बोटे एकमेकांना भेटतात तेथेच कच्ची असते. मुलीने आपले मनगट त्या फटीच्या दिशेने वळवावे, कोपर वाकवून स्वतःच्या बरगडीकडे आणावे आणि त्याच वेळी एक पाऊल टाकून सगळे अंग त्या झटक्यामागे लावावे. सरळ मागे ओढत राहिले तर दोघांच्या ताकदीचीच परीक्षा होते आणि त्यात बहुधा मोठा माणूस जिंकतो. हा एकच डाव वेगवेगळ्या जोडीदारांबरोबर, उजव्या व डाव्या हाताने, अंग आपोआप वळेपर्यंत घोटून घ्यावा.

दुसरी गोष्ट आवाजाची. आपल्या घरांतील मुलींना हळू बोलण्याचीच शिकवण मिळालेली असते, त्यामुळे ‘नाही’ हा शब्द छातीतून ओरडून म्हणणे त्यांना ठोशापेक्षा अवघड जाते. तो सराव अर्धा तास करून घेतला तरी अधिक होणार नाही. सुटका झाल्यावर उलट मारायला थांबायचे नाही, माणसांच्या दिशेने धावायचे, हेही सांगावे.

तिसरी गोष्ट आयांसाठी आहे, म्हणून त्यांनाही दुपारच्या सत्रात बसवावे. मुलींना त्रास देणारा माणूस बहुतेक प्रकरणांत ओळखीतला असतो: नातेवाईक, शेजारी, शिकवणीचा मास्तर, क्वचित मंडळीतलाही. तेथे मनगट सोडवण्याची युक्ती पुरत नाही. मुलीने येऊन सांगितल्यावर तिच्यावर विश्वास ठेवणारी एक तरी मोठी बाई घरात असावी लागते. शिबिरात प्रत्येक मुलीला अशा दोन मोठ्या माणसांची नावे कागदावर लिहायला सांगावीत आणि तो कागद तिच्याकडेच ठेवू द्यावा. चाइल्डलाइनचा १०९८ आणि तातडीच्या मदतीचा ११२ हे क्रमांक त्याच कागदाच्या पाठीवर छापून घ्यावेत.